बादलीत बोट बुडवून पाऊस मोजू नका: घरचा पर्जन्यमापक बनवायची आणि वाचायची रीत

जून लागला की प्रत्येक गावाच्या पारावर पावसाचे आकडे फिरू लागतात. कुणी म्हणतो रात्री ऐंशी मिलिमीटर झाला, कुणी म्हणतो पन्नासही नाही. विचारलं तर एकाने अंगणातल्या बादलीत पट्टी धरलेली असते, दुसऱ्याने कापलेली थंड पेयाची बाटली गच्चीच्या कठड्यावर ठेवलेली असते. दोघांनीही पाऊस मोजलेला नसतो, भांडं मोजलेलं असतं. काम अवघड अजिबात नाही. साहित्य बहुतेक शेतातल्या आखाड्यावर पडलेलंच असतं. चुका होतात त्या तीन ठिकाणी: तोंडाचं माप, जागा आणि वेळ. खाली त्याच तीन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

## टप्पा १: आधी हिशेब डोक्यात बसवा

पाऊस उंचीत मोजतात. सपाट जमिनीवर पडलेलं पाणी मुरलं नाही, वाहिलं नाही, उडालं नाही, तर त्याचा जेवढा जाड थर साचेल तेवढा पाऊस. एक चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे बरोबर १ लिटर. एका एकरावर २५ मिमी म्हणजे साधारण १ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे दहा टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला एका बऱ्या पावसाची किंमत यावरून लगेच कळते.

आता बादली का चालत नाही ते पाहा. समजा बादलीचं तोंड ३० सेंमी रुंद आहे आणि बूड २२ सेंमी. २० मिमी पाऊस झाला. पाणी गोळा झालं ३० सेंमीच्या तोंडातून, पण साचलं २२ सेंमीच्या बुडात. पट्टी धरली तर पाणी साडेतीन सेंमीच्या वर दिसतं. म्हणजे २० मिमीचा पाऊस तुम्ही ३५ मिमी सांगता. घागर किंवा माठ ठेवला तर उलटं होतं: तोंड अरुंद, पोट मोठं, म्हणून पाऊस कमी दिसतो.

म्हणून नियम एकच. पाणी किती उंच साचलं ते पाहूच नका. पाणी मिलिलिटरमध्ये मोजा आणि ज्या तोंडातून ते आत आलं त्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. मग खालचं भांडं कोणत्याही आकाराचं असलं तरी बिघडत नाही.

## टप्पा २: साहित्य

- चार इंची, म्हणजे ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, साधारण दोन फूट. ठिबक किंवा पाइपलाइनच्या कामातून उरलेला तुकडा चालेल, पण चेपलेला नको. उन्हात पडून अंडाकृती झालेला पाइप घेऊ नका.
- त्याच मापाची एक एंड कॅप (टोक बंद करणारं झाकण) आणि एक सॉकेट (दोन पाइप जोडणारा तुकडा), पाइप चिकटवायचं थोडं सोल्युशन.
- पाइपात जेमतेम मावेल असं प्लास्टिकचं नरसाळं, शक्यतो खोल आणि लांब नळीचं.
- पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली.
- मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज, सुईशिवाय.
- एम-सील, सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा, कानस, हॅक्सॉ ब्लेड.
- मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली स्टीलची पट्टी.
- एक वही. कागदाचा चिटोरा नको, भिंतीवर खडूने तर नकोच.

सावध: फवारणीच्या औषधाचं माप घरात असतंच, ते यासाठी वापरू नका. खुणा भरड असतात आणि हे पाणी रोज हाताळायचं आहे, अनेकदा घरातली मुलंच हाताळतील.

बाजारात तयार प्लास्टिकचे पर्जन्यमापकही मिळतात. ज्याचं तोंड बोटभरच रुंद आहे असा घेऊ नका. दोन-चार थेंब इकडे-तिकडे पडले तरी त्याचा आकडा हलतो.

## टप्पा ३: जोडणी, याच क्रमाने

१. पाइपाचे दोन तुकडे करा. खालचा साधारण ३५ सेंमी, वरचा २० सेंमी. काप सरळ यायला हवा. पाइपाभोवती कागद गुंडाळून त्याच्या कडेने खूण करा आणि पाइप फिरवत फिरवत कापा.

२. वरच्या तुकड्याचं तोंड कानसून घ्या. पाइपाच्या भिंतीला जाडी असते. त्या जाड कडेवर पडलेला थेंब आत जातो की बाहेर, याला काही नियम नाही. म्हणून कड बाहेरून तिरपी कानसा, म्हणजे वर धारदार काठ उरेल. आतली बाजू मात्र कानसू नका. तुमचं माप तिथेच आहे.

३. नरसाळं वरच्या तुकड्यात असं बसवा की त्याची कड तोंडापासून ८ ते १० सेंमी खाली राहील. ही पायरी लोक गाळतात आणि नरसाळं थेट वर ठेवतात. मराठवाड्यातला वळवाचा पाऊस टपोरा असतो. थेंब नरसाळ्याच्या उतारावर आपटतो आणि उसळून बाहेर जातो. वर उभी भिंत असली तर उसळलेलं पाणी परत आत येतं. फट एम-सीलने बंद करा आणि रात्रभर सुकू द्या.

४. खालच्या तुकड्याला बुडाशी एंड कॅप आणि वर सॉकेट, दोन्ही सोल्युशन लावून पक्कं करा.

५. बाटली आत ठेवा. वरचा तुकडा सॉकेटात नुसता दाबून बसवा, चिकटवू नका, रोज काढायचा आहे. नरसाळ्याची नळी बाटलीच्या तोंडात दोन-तीन सेंमी गेली पाहिजे. पोचत नसेल तर बाटलीखाली लाकडाचा किंवा फरशीचा तुकडा ठेवा.

६. सांध्यावर सायकलच्या ट्यूबचा रुंद पट्टा चढवा, म्हणजे पाइपावरून ओघळणारं पाणी आत शिरणार नाही.

बाटली कशाला, पाइपातच साचू द्यावं, असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्याकडे दुपारी दोनला सर येते आणि तीनला कडक ऊन पडतं. उघड्या भांड्यातून सकाळपर्यंत एक-दोन मिलिमीटर सहज उडून जातं. भुरभुर पावसाच्या दिवशी तर तेवढाच पाऊस असतो. अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी टिकतं. शिवाय बाटली भरून वाहिली तर वरचं पाणी पाइपात साचतं, वाया जात नाही.

तपासा: वरून तांब्याभर पाणी हळूहळू ओता. पाणी बाटलीतच जातंय का, नरसाळ्याच्या कडेने खाली ठिबकतंय का, ते पाहा. मग बाटली काढून खालच्या पाइपात अर्धा लिटर पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बूड ओलं लागलं तर एंड कॅप पुन्हा बसवा.

## टप्पा ४: तोंडाचं माप, सगळ्यात जास्त चुकणारी पायरी

पाइपावर ११० छापलेलं असतं म्हणून लोक ११ सेंमी धरून मोकळे होतात. ते माप बाहेरचं आहे. आतलं माप पाइप किती किलोचा, म्हणजे भिंत किती जाड, त्यावर ठरतं. अडीच किलोचा, चार किलोचा, सहा किलोचा, प्रत्येकाचं वेगळं. छापील आकड्यावर जाऊ नका.

पट्टी तोंडावर आडवी धरून आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत मोजा. चार वेगवेगळ्या दिशांनी मोजा आणि सरासरी काढा. चार मापांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पाइप वाकडा आहे, तुकडा बदला.

समजा सरासरी १०.५ सेंमी आली. क्षेत्रफळ काढायचं सूत्र:

०.७८५४ × १०.५ × १०.५ = ८६.६ चौरस सेंमी

याला १० ने भागा. ८.६६ आले. म्हणजे तुमच्या मापकात ८.६६ मिली पाणी साचलं की १ मिमी पाऊस. हा आकडा, म्हणजे तुमचा भाजक, न पुसणाऱ्या शाईने पाइपावरच लिहून ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावरही लिहा.

हेच माप ११ सेंमी धरलं असतं तर भाजक ९.५ आला असता, आणि खरा १०० मिमी पाऊस तुमच्या वहीत ९१ लिहिला गेला असता. व्यासात नुसती दोन मिलिमीटरची चूक झाली तरी पाऊस ४ टक्क्यांनी हलतो. म्हणून इथे घाई नको.

तपासा: सिरिंजने मोजून ४३३ मिली पाणी नरसाळ्यात हळूहळू ओता, मग बाटलीतून पुन्हा मोजा. ४३३ भागिले ८.६६ म्हणजे ५० मिमी. दोन-तीन मिली भिंतीला चिकटून कमी भरलं तर ठीक, दहा-पंधरा कमी आलं तर कुठेतरी गळतंय. सिरिंजवरच शंका असेल तर स्वयंपाकघरातल्या किंवा दुकानातल्या डिजिटल काट्यावर पाणी तोलून पाहा. १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम.

## टप्पा ५: जागा

उत्तम यंत्र वाईट जागी ठेवलं तर उपयोग शून्य. उलट साधं यंत्र चांगल्या जागी बरंच काम देतं.

गच्ची टाळा. उंचावर वारा जास्त, आणि वारा थेंबांना तोंडावरून उडवून नेतो. कठड्याजवळ तर वारा उसळी घेतो. जमिनीवर, मोकळ्यात जागा शोधा. आसपास झाड, भिंत, गोठा, कडब्याची गंज काहीही असलं तरी त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर तरी सोडा, जमलं तर चौपट. चार मीटर उंच लिंबाच्या झाडापासून आठ मीटर ही किमान मर्यादा, सोळा असेल तर उत्तम.

वावरात बसवत असाल तर आज दिसतं त्यावर जाऊ नका. जूनमध्ये सगळं रान मोकळं असतं. सप्टेंबरमध्ये शेजारची तूर माणसाच्या उंचीला येते आणि कपाशी कमरेला लागते. जून-जुलैत बरोबर असलेला आकडा परतीच्या पावसात कमी पडायला लागतो आणि कारण सापडत नाही. पेरणीच्या आधीच ठरवून चारी बाजूंनी मोकळी जागा राखा. धुरा किंवा विहिरीजवळचा पडीक तुकडा बरा.

मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंमी उंच राहिलं पाहिजे. हवामान खात्याचे साधे पर्जन्यमापकही याच उंचीवर असतात. आपला मापक जेवढा उंच आहे त्यातून ३० वजा करून उरलेला भाग गाडून टाका. भोवती शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा ओटा नको, कडक पृष्ठभागावरून पाणी उसळतं. बारीक गवत सगळ्यात चांगलं.

काळ्या रानात एक गोष्ट जास्तीची करावी लागते. ही माती भिजली की फुगते, उघडीप पडली की भेगाळते. मे महिन्यात सरळ गाडलेला पाइप जुलैत कललेला दिसतो. म्हणून खड्डा पाइपापेक्षा चांगला रुंद करा, भोवती मुरूम भरून पहारीने ठोका. मग तोंडावर गवंड्याची लेव्हल दोन्ही दिशांनी ठेवून पाहा. पश्चिमेकडून तिरका पाऊस येत असेल आणि तोंड तिकडे झुकलं असेल तर पाऊस जास्त भरतो, उलट झुकलं असेल तर कमी.

सावध: तोंडावर मच्छरदाणीची जाळी बांधू नका. हलका पाऊस त्या जाळीलाच चिकटून सुकतो. काडीकचरा अडवायचाच असेल तर नरसाळ्याच्या नळीपाशी मोठ्या छिद्रांची जाळी ठेवा. शेळ्या-वासरांसाठी लांबून काट्याचं कुंपण चालेल, पण ते मापकाच्या तोंडापेक्षा उंच आणि जवळ नको.

## टप्पा ६: रोजचं वाचन

वेळ सकाळी साडेआठ. हवामान खातं याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. सात वाजता वाचलं तर तुमचा आकडा चुकीचा ठरत नाही, पण तो दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. वेळ पाळणं जमणार नसेल तर घरात दोघांवर जबाबदारी ठेवा.

१. पाऊस चालू असेल तर रिकामी दुसरी बाटली सोबत न्या. भरलेली काढा, लगेच रिकामी ठेवा, वरचा भाग बसवा. मोजणी घरात येऊन करा.

२. पाइपाच्या तळाशी वाहून गेलेलं पाणी आहे का ते पाहा. एक लिटरची बाटली साधारण ११५ मिमीला भरते, त्यामुळे रोज लागणार नाही, पण जोराच्या रात्रीनंतर हे विसरलं की अर्धा पाऊस गेला.

३. सिरिंजने पाणी ओढत मोजा. प्रत्येक भरलेल्या सिरिंजला वहीत एक उभी रेघ मारा. मनात मोजणारा माणूस सहाव्या-सातव्या वेळी हमखास चुकतो. सिरिंज उभी, डोळ्याच्या पातळीवर धरा. आत हवेचा बुडबुडा नसावा.

४. आधी मिली लिहा, मग भागाकार करा. तीन भरलेल्या सिरिंज आणि वर २२ मिली, म्हणजे १७२ मिली. १७२ ला ८.६६ ने भागलं की १९.९ मिमी. मिली लिहून ठेवले नाहीत आणि भागाकार चुकला, तर नंतर दुरुस्त करायला हातात काहीच उरत नाही.

५. बाटली पूर्ण झटकून ठेवा. तळाशी राहिलेलं पाणी उद्याच्या पावसात मिसळतं.

गारपीट झाली तर गारा वितळेपर्यंत वाट पाहू नका. मोजून घेतलेलं कोमट पाणी, समजा १०० मिली, नरसाळ्यात ओता. गारा वितळून सगळं खाली गेलं की एकूण मोजा आणि १०० वजा करा. गारांतल्या काही टप्पा खाऊन बाहेर जातात, त्यामुळे अशा दिवशी शेऱ्यात ‘गारा’ लिहायचं राहू देऊ नका.

## टप्पा ७: वही

चार रकाने पुरे: तारीख, मिली, मिमी, शेरा.

तारखेचा घोळ इथे सर्रास होतो. १२ जूनला सकाळी साडेआठनंतर ते १३ जूनला सकाळी साडेआठपर्यंत जे पडलं ते सगळं १३ जूनच्या नावावर. म्हणजे १२ तारखेला दुपारी चारला गाव धुऊन निघालं तरी तो पाऊस १३ च्या रकान्यात. पेपरात छापलेला आकडा आणि तुमची वही जुळत नसेल तर आधी एक दिवस पुढे-मागे करून पाहा. पुष्कळदा भांडण तिथेच मिटतं.

- पाऊस नसेल तर ० लिहा. रकाना कोरा ठेवू नका. कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘पाहिलं नाही’ असा होतो, ‘पडला नाही’ असा नाही. ऑगस्टमधली उघडीप किती दिवस टिकली हे नंतर शून्यांवरूनच कळतं.
- बाटली नुसती ओली असेल, मोजण्याइतकं पाणी नसेल, तर ‘अल्प’ लिहा.
- लग्नाला गेलात आणि दोन दिवस राहिले, तर परत आल्यावर एकूण मोजून ‘दोन दिवसांचा’ असा शेरा द्या. अंदाजाने अर्धा-अर्धा वाटू नका.
- संध्याकाळी उत्सुकतेपोटी मोजलंत तर मोजलेलं पाणी परत बाटलीत घाला. नाहीतर तो आकडा सकाळच्या आकड्यात मिळवायचा राहतो, किंवा दोनदा मिळवला जातो.

## टप्पा ८: आकड्याचा अर्थ लावताना

पेरणीसाठी ७५ ते १०० मिमी पाऊस होऊ द्या, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. तुमची वही इथे खरी कामाला येते, पण नुसती बेरीज पाहू नका. एका रात्रीत धबाधबा आलेला ८० मिमी निम्माअधिक ओढ्याला जातो. चार-पाच दिवसांत मिळून आलेला ८० मिमी मुरतो. म्हणून बेरीज ७५ च्या पुढे गेली की खुरप्याने वीतभर उकरा. ओल सलग खाली गेली आहे का, मध्ये कोरडा थर राहिलाय का ते पाहा, वाफसा येऊ द्या, म्हणजे चिखल ओसरून माती पेरणीजोगी होऊ द्या, आणि मगच चाड्यावर मूठ धरा. रोहिणीतल्या एका सरीवर पेरून दुबार पेरणीची वेळ येते ती याच घाईने. बियाणं, खत आणि मजुरी दुसऱ्यांदा घालणं काय असतं ते इकडच्या कुणाला सांगायला नको.

हवामान खात्याच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, त्याच्या पुढे अत्यंत जोरदार. महसुलाच्या भाषेत मंडळात, म्हणजे काही गावांच्या महसुली गटात, ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी. ढगफुटी मात्र वेगळी, एका तासात १०० मिमीच्या आसपास. रात्रभरात ९० मिमी झाला तर ती ढगफुटी नव्हे. तुमच्या वहीत तासाचा हिशेब नसतो, त्यामुळे तो शब्द त्या वहीवरून वापरता येत नाही.

मंडळाच्या केंद्रावरचा आकडा आणि तुमचा आकडा वेगळा आला म्हणून कुणीतरी खोटं बोलतंय असं लगेच धरू नका. केंद्र तुमच्या वावरापासून कैक किलोमीटर लांब असू शकतं आणि बैलाचं एक शिंग भिजून दुसरं कोरडं राहावं असा पाऊस इकडे पडतोच. एका दिवसाचा फरक सोडून द्या, महिन्याची बेरीज ताडून पाहा. महिनोन्महिने तुमचा आकडा एकाच बाजूला झुकत असेल तर आधी आपलं यंत्र तपासा: गळती, कललेलं तोंड, वाढलेली तूर, याच क्रमाने. भरपाईसाठी मंडळाचा आकडा धरतात, तुमचा नाही. पण सगळं नीट असून फरक कायम राहिला तर मिली, तारीख आणि वेळ लिहिलेली वही घेऊन चार जणांनी मिळून विचारणं, हे तोंडी तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार असतं.

## हंगामातली देखभाल

दर पंधरवड्याला लेव्हल लावून पाहा आणि नरसाळं पुसून काढा. मेच्या धुळीच्या वादळानंतर नळीत चिखल बसतो, मुंग्या आणि कुंभारमाशी घर करतात. काडी घालून साफ करा. एम-सीलला चीर पडली की तांब्याभर पाण्याची चाचणी पुन्हा घ्या. ३० सप्टेंबरला बेरीज मारली तरी मापक उपटू नका. परतीचा पाऊस ऑक्टोबरात येतो आणि अवकाळीचा भरवसा नाही.

बाटली फुटली तर कुठलीही दुसरी ठेवा, हिशेब बदलत नाही. पण वरचा तुकडा तडकला, चेपला किंवा कुणाच्या ट्रॅक्टरखाली गेला आणि नवा बसवला, तर तो त्याच दुकानातून आणला असला तरी चार दिशांनी पुन्हा मोजा, नवा भाजक काढा, पाइपावरचा जुना आकडा खोडा आणि कोणत्या तारखेपासून नवा भाजक लागू झाला ते वहीत त्याच ओळीवर लिहा.